कागदाची पाठ, तोकिवाचा चेहरा

मित्रांनो, नाकासे गावात हिरोबेच्या फोटोच्या दुकानात कधी गेलात, तर काउंटरच्या मागे एक करडा डबा दिसेल. त्याच्या डोक्यावर लोक छत्र्या, भाजीच्या पिशव्या आणि थंडीच्या दिवसांत मांजर ठेवतात. तो मी. मी फोटो छापणारा प्रिंटर आहे. माणसांच्या हिशेबात माझे वय शाळकरी पोराचे. प्रिंटरांच्या हिशेबात मी पणजोबा आहे, आणि पणजोबांना मिळतो तितकाच मान मला मिळतो. म्हणजे दिसतो सर्वांना, विचारत कोणी नाही.

माझी हकीकत सांग, असे मला कोणी म्हटलेले नाही. न विचारता बोलणे आमच्या गावात असभ्य समजतात. पण ज्यांचे उपकार घेतले त्यांची नावे न घेता गंजून जाणे त्याहून असभ्य, असे माझे मत आहे. म्हणून बोलतो.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा इतका धाक, की मला घडवणारी माणसे नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. त्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, फक्त डोळे. शेवटच्या टेबलावर एका बाईने मला पहिला कागद भरवला आणि बारीक रेघांचे एक चित्र छापायला लावले. मग तिने डोळ्याला भिंग लावले, रेघा पाहिल्या आणि मान डोलावली. आयुष्यातली पहिली शाबासकी! मी फुशारून गेलो. मला वाटले, मी हुशार आहे. हुशार तो कागद होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

माझ्या कामात थोर असे काही नाही, मित्रांनो. मी थुंकतो. केसाच्या टोकाहून बारीक असे शाईचे थेंब, नेमून दिलेल्या जागी, न चुकता. एवढेच माझ्या हातात. थेंब कागदाला टेकला, की माझा त्याच्यावरचा हक्क संपला; सासरी गेलेल्या मुलीसारखा तो कागदाचा झाला. पुढे त्याचे काय होते ते कागदाच्या स्वभावावर.

ऑफिसातला साधा कागद म्हणजे धर्मशाळा. आलेला थेंब ऐसपैस हातपाय पसरतो आणि शेजाऱ्याच्या अंथरुणात जाऊन झोपतो. काळा थेंब पिवळ्यात गेला, पिवळा निळ्यात गेला, की नाक कुठे संपले आणि गाल कुठे सुरू झाला हे ज्याचे त्याने समजून घ्यायचे. फोटोच्या गुळगुळीत कागदाला मात्र वरून एक लेप दिलेला असतो. त्यात डोळ्याला न दिसणारी इवली इवली छिद्रे असतात. थेंब जिथे पडेल तिथेच खाली मुरतो, आडवा जात नाही. म्हणून पापणी ही पापणीच राहते. बिनचकाकीचा मॅट कागद या दोघांच्या मधला. त्यालाही लेप असतो, पण अंगावर खरखर असते, त्यामुळे तो चेहऱ्याची धार जरा बोथट करतो आणि मोबदल्यात चकाकत नाही. तक्रार करावी असे त्यात काही नाही.

गंमत अशी, की फोटो स्वच्छ आला तर गावातले लोक म्हणायचे, "हिरोबेचा हात चांगला." धुरकट आला तर म्हणायचे, "डबा बिघडला." कागदाचे नाव कोणीच घेत नसे. आणि हे कुठे, तर नाकासे गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कागद करण्यापलीकडे कोणी दुसरे काही केले नाही!

दुकानातले माझे पहिले दिवस भरभराटीचे होते. नव्या वर्षाची शुभेच्छापत्रे मी छापली. पाठीवर स्वतःपेक्षा मोठे दप्तर घेतलेली पहिलीतली पोरे छापली. पण माझे खरे काम असायचे शरद ऋतूत, वृद्धांचा मान करण्याच्या दिवशी. त्या दिवशी गावातली म्हातारी मंडळी ठेवणीतले कपडे घालून दुकानात येतात आणि आपण गेल्यावर घरी लावायचा फोटो आधीच काढून घेतात. यात दुःखाचे काही नाही. रांगेत उभे राहून ती एकमेकांना चिडवतात, "आधी तुझा लागतोय बघ!" हिरोबे त्यांचे कॉलर नीट करतो, त्याची बायको चिझु त्यांच्या केसांवरून कंगवा फिरवते, आणि मी छापतो. मी छापलेले किती तरी लोक आज गावातल्या घराघरांत पितरांच्या देव्हाऱ्याशेजारी बसून आहेत. इतक्या जणांचा शेवटचा चेहरा आपल्या हातून गेला, याचा मला अभिमान नाही, पण कृतज्ञता आहे.

मग लोकांचे फोटो खिशातल्या फोनमध्येच राहू लागले. मला काम उरले नाही. आमच्या जातीला बसून खाणे मानवत नाही. काम नसले की आमच्या थेंब सोडणाऱ्या छिद्रांतली शाई सुकते आणि आम्ही आंधळे होतो. मी आंधळा झालो नाही, याचे श्रेय हिरोबेला. दर सोमवारी सकाळी, काम असो वा नसो, तो रंगांची एक पट्टी छापून घेई.

"कशाला शाई नासता?" चिझु विचारी.

"अगं, म्हाताऱ्याला चार पावलं चालवून आणतोय."

हे उपकार मी विसरणार नाही.

आता मी ज्यासाठी बोलायला बसलो ते सांगतो.

गावात नदीच्या वळणावर इसोजी नावाचे कागदकरी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पाठ सरळ, जीभ वाकडी. त्यांची बायको तोकिवा. कागदाच्या कामात पुरुष लगद्याच्या हौदात जाळी हलवून ताव उचलतो आणि सगळी वाहवा घेतो. पण त्याआधी झाडाच्या शिजवलेल्या सालीचे धागे बर्फगार पाण्यात धरून, त्यातला एकेक काळा कण बोटांनी वेचून काढायचा असतो. ते काम तोकिवाचे. तिच्याशेजारी बसून तेच करणारी तिची धाकटी बहीण किनुए. तोकिवाने निवडलेल्या धाग्यांच्या कागदात कण शोधून दाखवावा, अशी गावात पैज लावत, आणि कोणी जिंकत नसे.

गेल्या वसंतात तोकिवा गेली. त्यानंतर इसोजींचे हात थरथरू लागले. थरथरत्या हातांनी ताव उचलता येत नाही. त्यांनी हौद रिकामा करून पालथा घातला. तिने निवडलेल्या शेवटच्या धाग्यांचे जे ताव त्यांनी उचलले होते, त्यातले मोजके शिल्लक होते. त्यावर तिचा फोटो छापायचा आणि पितर घरी येतात त्या बोनच्या दिवसांत, तिच्या पहिल्या बोनला, तो देव्हाऱ्यापाशी ठेवायचा, हे त्यांनी मनात धरले. हाती उचललेल्या कागदावर शाई पसरते हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून शहरातल्या, कागदावर प्रयोग करणाऱ्या कागदशाळेत जाऊन, तिथल्या एका मुलीकडून त्यांनी त्या तावांना एका बाजूने फोटोच्या कागदासारखा लेप लावून आणला.

भर उन्हाळ्यात एके सकाळी ते किनुएला घेऊन दुकानात आले. काखेत कापडात बांधलेला गठ्ठा.

"हिरोबे, आहेस का रे?"

"या काका, बसा. चिझु, जवाचा गार चहा आण गं."

"बसायला नाही आलो. तोकिवाला कागदावर घालायला आलोय."

"भावजी, काय बोलता हे? पापड आहे का ती?" किनुए म्हणाली. "फोटो छापायचाय म्हणा."

हिरोबेने दोन्ही हातांनी ताव घेतला, वाकून घेतला. फोटो त्याच्याकडे होताच; वृद्धांच्या दिवशी त्यानेच काढलेला. त्याने अगदी योग्य तोच प्रश्न विचारला.

"काका, वरची बाजू कोणती?"

इसोजींनी त्याच्याकडे रोखून पाहिले.

"हिरोबे," इसोजी म्हणाले, "तुझे आजोबा माझ्या बापाकडून कागद न्यायचे."

"हो काका."

"त्यांनी कधी बाजू विचारली नाही."

"चुकलं काका."

इसोजींनी ताव हातात घेऊन आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने अंगठा फिरवला. "ही बघ, ही पाठ. हिला तो लेप पिठासारखा लागलाय, तांदळाच्या मोचीच्या लाडवांवर भुरभुरतात तसा. आणि हे पोट. इथे धागा लागतो हाताला. हा खरा कागद. छाप पोटावर."

किनुएनेही बोट फिरवले. "हो, पिठाची बाजू खालीच. पिठावर कोणी ताईला बसवतं का?"

लेप अस्तरासारखा पाठीलाच असायचा, तो खालून शाई धरतो, अशी दोघांची समजूत होती. हिरोबेने मान लववली आणि ताव माझ्या तोंडात दिला.

मित्रांनो, कागद आत आला की रबरी रुळाला त्याचे अंग कळते. पहिल्या बोटभर अंतरातच मी ओळखले, की ताव पालथा आहे. लेप खाली, उघडी साल वर. पण मी बोलणार कसा? मला बनवणाऱ्यांनी मला मोजकीच वाक्ये दिली आहेत: शाई संपत आली आहे, कागद अडकला आहे, झाकण उघडे आहे. 'आजोबा, कागद उलटा आहे' हे वाक्य दिलेले नाही. एकच उपाय होता. कागद अडकवून बसायचे. तोही मनात आला. पण अडकलेला ताव ओढून काढताना फाटतो, आणि तो ताव फाडण्याइतका मी नीच नाही. मी छापले.

साल ती साल. झाडात होती तेव्हा जन्मभर पाणी ओढण्याचेच काम तिने केले. शाई मिळाल्यावर ती काय वेगळे करणार? एकेक थेंब धाग्याधाग्यातून मुळ्या फुटल्यासारखा पसरला. बाहेर आली ती धुक्यात उभी असलेली कोणी एक बाई.

इसोजींनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"ही कोण?"

"काका, तोकिवाकाकूच..."

"नाही. तोकिवाने माझ्याकडे इतक्या मऊ नजरेने उभ्या जन्मात पाहिलेलं नाही."

"ताईच्या नजरेतून मोहरीएवढा कण सुटायचा नाही," किनुए म्हणाली. "आणि हे डोळे बघा. उकडलेली बटणं जशी."

हिरोबेने माझी छिद्रे धुतली, दुसरा ताव घातला. तेच. मग संगणकावर चेहऱ्याच्या रेघा जास्त धारदार केल्या. आता सुरकुत्या नकाशातल्या नद्यांसारख्या दिसू लागल्या, केस तारांसारखे झाले, आणि ते सगळे मिळून पुन्हा धुक्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्याने शाई कमी सोडायला लावली. तोकिवा फिकट, पारदर्शक झाली.

"बोनला वेळ आहे अजून," इसोजी म्हणाले. "आताच कशाला भूत करतोस तिचं?"

वाया गेलेला प्रत्येक ताव हिरोबे काउंटरच्या कोपऱ्यात पालथा घालून ठेवी. काकूंचा तसला चेहरा उघडा टाकणे त्याला प्रशस्त वाटत नव्हते. आणि प्रत्येक वेळी गठ्ठा पातळ होत होता. गाव माझ्याकडे पाहून मान हलवू लागले. छत्री ठेवायला आलेला माणूससुद्धा म्हणाला, "संपला वाटतं बिचारा."

शेवटी हिरोबेने धीर करून त्याच्याकडचा गुळगुळीत कागद काढला आणि त्यावर छापले. मी जीव ओतला. तोकिवा अशी स्वच्छ आली, की किनुएच्या तोंडून "ताई!" निघून गेले. इसोजींनी मात्र तो कागद दोन बोटांत धरला. खिडकीतले ऊन त्यावर पडून तोकिवाच्या कपाळावर दिवा लागला.

"चेहरा तिचा आहे," ते म्हणाले. "पण हा कागद तिने निवडलेला नाही. बँकेच्या कॅलेंडरवरच्या बाईसारखी चमकतेय. मी रोज सकाळी कॅलेंडरला नमस्कार करू?"

आणि त्यांनी तो हळूच हिरोबेला परत केला.

त्या संध्याकाळी चिझुने विषय काढला. "अहो, शहरातल्या दुकानाला फोन करा. नवा मागवा. जुना ते घेऊन जातात म्हणे."

"अगं, पण याने गुळगुळीत कागदावर नीट छापलंच की."

"आणि गावात तोंड कुणाला दाखवायचं? काकांचा शेवटचा कागद आपल्या दुकानात नासला, हे जन्मभर ऐकू?"

हिरोबेने फोन केला. नवा बोनच्या आधी येणार असे ठरले. मला राग आला नाही, मित्रांनो. तिच्या जागी मी असतो तर मीही मला काढून टाकले असते.

बोन तोंडावर आले. इसोजी पुन्हा आले तेव्हा त्यांच्याकडे दोनच ताव उरले होते. ते त्यांनी छापायला दिले नाहीत. कापडात नीट गुंडाळले आणि म्हणाले, "पुरे. हे घेऊन जातो. यातला एक कोराच ठेवेन देव्हाऱ्यापाशी. निदान तो खरा आहे."

"कोरा?" किनुए उसळली. "लोक भेटायला येतील तेव्हा काय सांगू? की ही आमची ताई, नीट बघा? अहो, पितरांनी लवकर यावं म्हणून आपण काकडीचा घोडा करतो. ताई त्यावर बसून धावत येईल, कोरा कागद बघेल, आणि तशीच परतीच्या वांग्याच्या बैलावर जाऊन बसेल!"

"बैल हळू चालतो. समजूत घालायला वेळ मिळेल मला."

"जन्मभर घातली होती का कधी?"

चिझुने समोर केलेला जवाचा चहा इसोजींनी उचलला, एक घोट घेतला आणि न बघताच ग्लास काउंटरच्या कोपऱ्यात ठेवून दिला. हात थरथरत होता. चहा हिंदकळून ग्लासाच्या बुडापर्यंत ओघळला. कोपऱ्यात वाया गेलेल्या तावांची चवड पालथी पडली होती.

"भावजी! ताईच्या डोक्यावर ग्लास ठेवता?"

"पाठीवर ठेवलाय."

"पाठ काय, डोकं काय, उचला आधी!"

इसोजींनी ग्लास उचलला. वरच्या तावावर चहाचे तपकिरी कडे उमटले होते. त्यांनी ते पुसायला बोट पुढे केले, आणि बोट तसेच थांबले.

साठ वर्षे ज्याने कागदावर पाणी पसरताना पाहिले आहे, त्याला पाणी न पसरलेले लगेच दिसते. कडे होते, पण त्याची धार सुरीने कापल्यासारखी होती. एक धागासुद्धा बाहेर फुटला नव्हता. इसोजींनी चहात करंगळी बुडवली आणि त्या बाजूवर एक थेंब टाकला. थेंब पडला तिथेच गोल बसला. त्यांनी ताव उलटा केला. तोकिवाच्या धुरकट खांद्याशेजारी दुसरा थेंब टाकला. तो कोळ्याच्या जाळ्यासारखा चहूकडे पसरला.

सगळे त्या थेंबांवर वाकले. मी जागचा हललो नाही, पण माझे ते नेहमीचेच.

"किनुए," इसोजी हळूच म्हणाले, "त्या कागदशाळेतल्या पोरीने कोपऱ्यात पेन्सिलीची खूण केली होती ना?"

"केली होती की. प्रत्येक तावावर. इतक्या स्वच्छ कागदावर काळा ठिपका! घरी येऊन आपण दोघांनी बसून सगळ्या खोडून काढल्या."

"कोणत्या बाजूला होती?"

किनुएचा हात आपोआप पदर शोधावा तसा एप्रनच्या टोकाशी गेला. "पिठाच्या," ती म्हणाली. मग घाईने, "पण भावजी, डाग होता तो! डाग दिसला की काढायचा. ताईने दुसरं शिकवलंय काय मला?"

"मला तरी काय," इसोजी म्हणाले.

ते हिरोबेकडे वळले. "हिरोबे, तू मला बाजू विचारली होतीस."

"विचारली असेन काका," हिरोबे छताकडे पाहत म्हणाला. "आठवत नाही बुवा."

आमच्या गावातला सभ्यपणा हा असा असतो, मित्रांनो. मला तो फार आवडतो.

इसोजींनी गठ्ठा सोडला आणि एक ताव काढला. पिठाची बाजू वर करून त्यांनी तो स्वतः माझ्या तोंडाशी आणला. थरथरत्या हातांनी तो सरळ बसेना. हिरोबेने दुसरी कड धरली. किनुएने चिझुचा हात धरला होता, दोघींनाही ते ठाऊक नसावे.

मी घाबरलो होतो. आजवर कागदाला दोष देता येत होता. आता चुकलो असतो तर चूक माझीच. एक छिद्र तुंबले असते तर चेहऱ्यावरून पांढरी रेघ गेली असती. मला हिरोबेच्या सगळ्या सोमवारच्या सकाळी आठवल्या. मी अगदी सावकाश सुरुवात केली.

आधी केस आले, एकेक मोजून घ्यावेत असे. मग कपाळ. थेंब पडत होते आणि जिथल्या तिथे मुरत होते. खालून तिच्या हातांनी निवडलेले धागे त्यांना धरत होते. गुळगुळीत कागदाइतकी धार मला साधली असे मी म्हणणार नाही. धागा थोडा जाणवत होता, कातडीत जाणवावा तसा. मग भुवया आल्या. मग डोळे.

"आली," किनुए म्हणाली आणि दोन पावले मागे सरकली. "अगं बाई. आता ओरडेल."

खरेच, तोकिवा अशी पाहत होती, की कोणाचे तरी काहीतरी चुकले आहे आणि ते तिला दिसले आहे.

इसोजींनी ताव हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग त्यांचा अंगठा आणि पहिले बोट चिमटीसारखे जुळले आणि तोकिवाच्या डाव्या भुवईकडे गेले. तिथे एक बारीक पांढरा धागा होता. त्यांनी तो नखाने अलगद उचलायचा प्रयत्न केला. धागा उचलला जाईना.

"कागदात आहे का?" किनुए वाकली.

"नाही," इसोजी म्हणाले. "तिच्या भुवईवर आहे. फोटोच्या दिवशी सकाळीसुद्धा धाग्यांच्या टोपलीपाशी बसली होती. मी म्हटलं, आज तरी राहू दे. ऐकते कशाला!"

इतके दिवस धुक्यात तो धागा कोणाला दिसला नव्हता. गुळगुळीत कागदावर चकाकीत हरवला असावा. हिरोबे अदबीने पुढे झाला. "काका, संगणकावर एका मिनिटात काढून टाकतो. उरलेल्या तावावर पुन्हा..."

"हात लावशील तर बघ," इसोजी म्हणाले. "जन्मात तिच्या नजरेतून सुटलेला हा एकच. राहू दे तो."

मग ते माझ्याकडे वळले आणि कमरेतून वाकले. माझ्यासमोर आजवर कागद अडकल्याशिवाय कोणी वाकलेले नव्हते. "तुला पहिल्यापासून माहीत होतं, होय ना रे?" ते म्हणाले. माझा हिरवा दिवा लागलेला होता. तो नेहमीच लागलेला असतो. पण त्यांनी तो होकार धरला आणि मीही ते चालवून घेतले.

चिझु आत गेली. तिचा फोनवरचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "हो, नवा नको. नाही, किमतीचं काही नाही. जुना बरा झाला. काय झालं होतं म्हणजे? काही नाही, ग्लास ठेवला आणि बरा झाला."

उरलेला एक ताव इसोजींनी घरी नेला नाही. त्यांनी हिरोबेकडे पेन्सिल मागितली आणि लेपाच्या बाजूला, कोपऱ्यात, स्वतःच्या हाताने एक गोल खूण केली. स्वतःच्या कागदावर त्यांनी घातलेला तो पहिला डाग. मग ताव माझ्या मागच्या फळीवर ठेवून म्हणाले, "हा माझ्यासाठी. घाई नाही."

"खूण खोडू नका म्हणजे झालं," किनुए म्हणाली. "नाहीतर तुम्हीही मऊ दिसाल. गावात कोणी ओळखायचं नाही."

तेव्हापासून तो ताव माझ्या पाठीशी आहे. दमट हवेत हिरोबे तो कोरड्या कापडात ठेवतो, आणि सोमवारी माझी पट्टी न चुकता छापतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. फोटो धुरकट आला तर त्याला थापडा मारण्याआधी त्याच्या तोंडात काय दिले आहे ते पाहा. आईचा चेहरा हिशेबाच्या कागदावर छापू नका. कागदावरून हलकेच बोट फिरवा, बाजू विचारा, आणि वडीलधाऱ्याने उत्तर दिले तरी नम्रपणे आणखी एकदा विचारा. ज्याने तो कागद केला, ज्याने त्यातला कण वेचला, त्याचे नाव माहीत असेल तर मनातल्या मनात घ्या. आणि आम्हाला सुकू देऊ नका. आठवड्यातून एकदा थोडी शाई खर्ची पडेल, पडू द्या.

माझे म्हणाल तर त्या एका तावासाठी मला टिकून राहायचे आहे. तो चेहराही मला पुसट होऊ द्यायचा नाही, तिरकस जिभेसकट जसाच्या तसा उतरवायचा आहे. मात्र ते काम माझ्याकडे येता येईल तितके उशिरा यावे. तोवर इसोजींनी रोज यावे, माझ्या डोक्यावर छत्री ठेवावी आणि चहाचा ग्लास हवा तिथे ठेवावा. माझी काहीच हरकत नाही.